झालेलं नको, होणार आहे ते आधी छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी जुन्या सिडकोत राहते आणि घरूनच मेस चालवते. सकाळचे ४० डबे, रात्रीचे २५-३०, खाणारी बहुतेक पोरं अंबड एमआयडीसीत कामाला आहेत. आमच्या घरी तुमचा पेपर सासऱ्यांपासून येतो. आज पत्र लिहितेय ते एका मागणीसाठी, पण आधी काय झालं ते सांगते म्हणजे मागणी का करतेय ते कळेल.

मागे एका शुक्रवारी दुपारी आमच्या गल्लीच्या ग्रुपवर मेसेज पडला, सर्व नाशिककरांना कळविण्यात येते की उद्या शनिवारी संपूर्ण शहराचा पाणीपुरवठा बंद राहील, रविवारी सकाळी कमी दाबाने येईल. झालं, सगळ्या गल्लीत धावपळ. मी दोन पिंपं, बादल्या, पातेली, कुकर सुद्धा भरून ठेवले. शनिवारी पाणी रोजच्या टायमाला आलं. मग कोणीतरी शोधलं तर तो मेसेज आदल्या वर्षीचा निघाला. खाली तारीखच नव्हती, नुसतं "उद्या". आणि उद्या तर रोजच असतं ना.

तीन आठवड्यांनी परत तसाच मेसेज, शब्द पण तेच. सगळे म्हणाले जुनाच असेल, मी पण म्हणाले. यावेळेस तो खरा होता. संध्याकाळी परातीत पीठ घेतलं आणि पिंपात तांब्या घातला तर तो तळाला खरकन् घासला. मोरीत सकाळचे डबे पडलेले, डाळ वाळून कडेला चिकटलेली, आणि नळाला थेंब नाही. पाण्याचे ६ जार मागवले, पलीकडच्या रो हाऊसवाल्या ताईंच्या बोअरचं पाणी मुलानं हंड्यानं आणलं तेव्हा भांडी झाली. आठचे डबे साडेदहाला गेले. दोन पोरांना रात्रपाळी होती ती तशीच उपाशी निघून गेली, मला ते अजून लागून राहिलंय.

रविवारी मेथी निवडायला शुक्रवारचा पेपर पसरला तर आतल्या पानावर खाली कोपऱ्यात ती बातमी होती. चार ओळी. तारीख, वार, कुठले भाग, कशासाठी बंद, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. म्हणजे माहिती होती, वेळेवर आलेली होती, माझ्या घरात पडलेली होती, आणि मला दिसली नाही. तुम्हाला दोष देत नाहीये साहेब, पण तेव्हापासून हेच डोक्यात आहे की ती बातमी रोज एकाच ठिकाणी येत असती तर मी सकाळी चहा पिताना नक्की बघितली असती, जशी राशीभविष्याची जागा सगळ्यांना डोळे झाकून माहीत असते.

म्हणून मागणी एवढीच. पेपरात रोज एक चौकोन द्या, ठरलेल्या पानावर, ठरलेल्या कोपऱ्यात, मोठ्या अक्षरात. त्यात फक्त पुढे होणार आहे तेच. पाणी कुठे येणार नाही, रस्ता कुठला बंद, हरकत द्यायची शेवटची तारीख कुठली, कार्यक्रम कुठे, किती वाजता आणि फुकट की तिकीट. महापालिकेचे सहा विभाग आहेत, नाशिक पूर्व, पश्चिम, पंचवटी, सातपूर, सिडको म्हणजे नवीन नाशिक आणि नाशिकरोड. सहाच्या सहा नावं रोज छापा, ज्या विभागात काही नाही तिथे "काही नाही" लिहा, ती पण बातमीच आहे, माणूस निर्धास्त होतो. आणि "उद्या" हा शब्द त्यात कधीच नको. तारीख आणि वार लिहा, म्हणजे कोणी फोटो काढून सहा महिन्यांनी पाठवला तरी कोणी फसणार नाही.

पूर्वी आम्ही ही असली माहिती नगरसेवकाच्या ऑफिसबाहेरच्या फळ्यावर वाचायचो. मग मार्च २०२२ ला सगळ्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे जवळपास चार वर्ष प्रशासकच कारभार बघत होते, त्या काळात विचारायचं कोणाला हेच लोकांना कळेना आणि सगळा भरवसा फॉरवर्डवर गेला. आता जानेवारी २०२६ ला मतदान होऊन १२२ जण परत निवडून आलेत, पण मोडलेली सवय लगेच जुळत नाही. महासभा लोकांसाठी खुली असते, कोणीही जाऊन बसू शकतं, हे आमच्या गल्लीत मी दहा जणांना विचारलं तर एकालाही माहीत नव्हतं. कधी आहे, विषयपत्रिकेवर काय आहे, आपल्या भागाचा कुठला विषय आहे, हे आदल्या दिवशी दोन ओळीत आलं तर जाणारे जातील.

हरकतीचं तर विचारूच नका. जाहीर नोटीस छापून येते बारीक टायपात, "तमाम नागरिकांस याद्वारे कळविण्यात येते की सदरहू", आणि पुढे "विहित मुदतीत". मी बारावी शिकलेय, मला ते दोनदा वाचावं लागतं, आमच्या भांडीवाल्या मावशींनी काय करायचं. तपोवनातल्या झाडांचं आठवा. २०२५ च्या शेवटी कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, झाडं काढायची नोटीस निघाली आणि ती बातमी घराघरात पोचली तेव्हा शेकड्यानं लोकांनी लेखी हरकती दिल्या, बायका-पोरं झाडांपाशी जाऊन उभी राहिली. झाडांच्या कायद्यात हरकतीला सात दिवसच असतात. त्यावेळेस कळलं म्हणून लोक गेले. बाकीच्या नोटिसा येतात आणि मुदत संपून जातात, त्यातल्या कितीतरी आपल्या दारासमोरच्या असतील. नोटिशीची भाषा बदलणं तुमच्या हातात नाही, मान्य, पण शेजारी साध्या मराठीत एवढं तर लिहू शकता ना की काय होणार आहे, कुठे होणार आहे, तुम्हाला नको असेल तर अमुक तारखेच्या आत अमुक ठिकाणी लिहून द्या.

लोकशाही दिनाचं, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर तक्रार मांडायच्या दिवसाचं पण तसंच. महापालिकेचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, सुट्टी आली तर दुसऱ्या दिवशी. पण अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो, आणि लोक जातात त्याच दिवशी अर्ज घेऊन. मग रोजगार बुडतो तो बुडतोच. चौकोनात १५ दिवस आधी एक ओळ आली असती, "पुढच्या लोकशाही दिनाचे अर्ज अमुक तारखेपर्यंत", तर केवढं काम झालं असतं. घरपट्टीत एप्रिलपासून सवलत असते आणि जेवढा उशीर तेवढी ती कमी होत जाते, ते ही तसंच आठवण करण्यासारखं.

आता कार्यक्रमांचं, आणि हे मी जरा मनापासून बोलतेय. पेपरात कार्यक्रमाची बातमी येते ती "उत्साहात संपन्न" म्हणून. आरोग्य शिबिर संपन्न. रांगोळी स्पर्धा संपन्न. फोटोत मान्यवर उभे असतात आणि मी वाचत असते की आपल्यापासून दोन चौक पलीकडे बायकांची मोफत रक्ततपासणी झाली आणि आपण गेलो नाही. माझ्या जाऊबाईंचं हिमोग्लोबिन कायम कमी असतं, त्यांना मी ओढत नेलं असतं. मोठे कार्यक्रम सगळ्यांना माहीतच असतात, कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ निघणार हे पंचवटीत सांगावं लागत नाही, गणपतीची मिरवणूक वाकडी बारवेपासून निघते हे पोरासोरांना पाठ आहे. पण रंगपंचमीला यंदा कुठल्या कुठल्या रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले दगडी हौद, उघडणार, किती वाजता, आणि गाडी कुठे लावायची, हे बाहेरच्या भागातल्या माणसाला कळत नाही. पेशव्यांच्या काळापासूनच्या या रहाडी, सिडकोतली कितीतरी पोरं एकदाही त्यात उतरलेली नाहीत.

मे महिन्यात गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते, महिनाभर, रोज संध्याकाळी, आणि फुकट. मी एकदाच गेले, ते पण शालिमारला भांडी घ्यायला गेले होते आणि उशीर झाला म्हणून घाटाकडून आले तेव्हा माईकचा आवाज आला. मागे एका कडेला बसले. नदीकडून वारा येत होता, पुढे म्हातारी माणसं, एक आजोबा वहीत टिपून घेत होते. वक्ते पाण्याच्या नियोजनावर बोलत होते. तासभर मला मेसची आठवण पण झाली नाही. घरी येऊन मुलाला सांगितलं तर म्हणाला आई हे दरवर्षी असतं का. त्याचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, जन्म नाशिकचा, आणि त्याला माहीत नाही. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे आपल्याकडे, तिथले कार्यक्रम, कालिदास कलामंदिरातले कार्यक्रम, सगळं सकाळी एका ठिकाणी दिसलं तर आठवड्यातून एखाद्या दिवशी माणूस उठून जाईल.

आणि समोर कुंभमेळा आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण, मग २०२७ ला २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर ही नाशिकची तीन अमृतस्नानं, त्र्यंबकला तिसरं १२ ला. मला २९ ऑगस्ट २०१५ चांगलं आठवतंय, पहिलं शाहीस्नान, तेव्हा अमृतस्नानाला शाहीस्नान म्हणायचे. एवढे रस्ते बंद ऐकले की आमच्यासारख्यांनी सगळंच बंद धरलं आणि घराबाहेर पाऊलच टाकलं नाही. नंतर कळलं की आमच्या बाजूनं बरंच काही सुरू होतं. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठावर जन्म गेला आणि कुंभ टीव्हीवर बघितला. यावेळेस तसं होऊ नये असं फार वाटतं. आतापासून हा चौकोन सुरू झाला तर पुढच्या वर्षीपर्यंत लोकांना तिथे बघायची सवय लागेल, ऐन स्नानाच्या आठवड्यात नवीन काही सुरू केलं तर कोणाच्या लक्षात येणार नाही.

आमच्या नाशिकला अशी एक जागा आहेच की. पूर आला की कोणी क्युसेक विचारत नाही, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं का छातीला एवढंच विचारतात, आणि सराफ बाजारातला दुकानदार त्यावरनं माल वर चढवायचा का ते ठरवतो. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर असाच बघितला आम्ही. जागा एकच, सगळ्यांना दिसणारी, आणि शंका घ्यायला वाव नाही.

तुम्ही म्हणाल आजकाल सगळं मोबाईलवर असतं. असतं, पण माझ्या डब्यावरची पोरं कुठल्याच सोसायटीच्या ग्रुपमधे नाहीत. कोणी धुळ्याचा, कोणी नंदुरबारचा, कोणी बिहारचा, चार-चार जण एका खोलीत, त्यांना कोण ग्रुपमधे घेणार. त्या शनिवारनंतर मी एक करायला लागलेय. पाण्याची बातमी पेपरात सापडली की वहीचं पान फाडून चिठ्ठ्या लिहिते आणि डब्याच्या वरच्या झाकणात चपात्यांवर प्लास्टिक घालून ठेवते. "शनिवार, तारीख अमुक, पाणी नाही, शुक्रवारी रात्री भरून ठेवा." ४० चिठ्ठ्या लिहायला अर्धा तास जातो, पण रिकाम्या डब्यात एकाने उलट चिठ्ठी पाठवली होती, काकू भरून ठेवलं.

तुम्ही चौकोन सुरू केला तर मला शोधावं लागणार नाही. मी तो रोज कापून मेसच्या दाराला लावीन आणि सिडको विभागाच्या ओळीची झेरॉक्स काढून डब्यात घालीन. पहिला कधी छापताय तेवढं कळवा.

आपली,
मेस चालवणारी एक वाचक
जुने सिडको, नाशिक