गोळ्यांबद्दल कुजबुज नको, माहिती हवी

महोदय,

नाशिकमध्ये अनेक वर्षे परिचारिका होते. निवृत्तीनंतरही पंचवटीतल्या ओळखीच्या बायका हळूच विचारतात, ‘सिस्टर, गर्भपाताच्या गोळ्या घेतल्या तर पुढे मूल होईल ना?’ हो, होते. ही भीती ऐकून जीव तुटतो.

गर्भ टिकतो प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या आधारावर. पहिली गोळी, मिफेप्रिस्टोन, त्याचे काम अडवते. गर्भाशयाचे अस्तर सुटू लागते, गर्भाशयाचे तोंड मऊ होते. एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल कळा आणते आणि पाळीपेक्षा जास्त रक्तस्राव होऊन गर्भाशय रिकामे होते. औषध अंगात साठून राहत नाही. उलट काही आठवड्यांतच पुन्हा दिवस राहू शकतात, हे कुणी सांगत नाही!

मात्र गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही आणि नळी फुटली तर जिवावर बेतते. म्हणून दुकानातून परस्पर गोळ्या आणू नका, आधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. आपल्याकडे 9 आठवड्यांपर्यंत त्या देता येतात. सज्ञान स्त्रीला नवऱ्याची सही लागत नाही आणि 1971 च्या गर्भपात कायद्यानुसार तिचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. सलग दोन तास, तासाला दोन पॅड भिजत असतील तर मात्र लगेच दवाखाना गाठा.

— एक निवृत्त परिचारिका, पंचवटी, नाशिक