झेरॉक्सवाल्या दादांस, आंब्याच्या हिशेबाबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही पैसे घेतलेत ते फक्त प्रिंटचे. बाकीच्या कामाचे घ्यायला तयार झाला नाहीत, म्हणून हे पत्र. चारचौघांत लिहितेय, कारण वळवाच्या पावसात कॉम्प्युटर गमावून हातात पेनड्राइव्ह घेऊन फिरणारी देवगडात मी एकटीच असेन असं वाटत नाही.

आंब्याच्या हिशेबाची एक्सेल फाईल पेनड्राइव्हवर कॉपी होत असतानाच वीज कडाडली. कॉम्प्युटर गेला, हार्डडिस्क उचलेना, आणि पेनड्राइव्हवर उरली ती अर्धवट फाईल. वाशीला गेलेल्या पेट्या, दलालांच्या पट्ट्या (म्हणजे विक्रीची बिलं), गाडीभाडं, हमाली, राखणीच्या गड्यांची उचल, सगळं तिच्यात. आधी एका दुकानात दाखवली, त्यांनी एक्सेलमधलं ‘ओपन अँड रिपेअर’ दाबून पाहिलं, जमलं नाही, आणि नवीन फाईल करा म्हणून मोकळे झाले. नवीन करायची तर मुंबईच्या दिरांना वाटा कशावरून काढून देणार?

तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते अजून कानात आहे. “वयनी, आधी हेची कॉपी काढुया. मूळ फाईलीक हात लावूचो नाय.”

मग त्या कॉपीच्या नावाच्या शेवटचं ‘एक्सएलएसएक्स’ काढून तिथे ‘झिप’ केलंत, तेव्हा मी चक्रावलेच. एक्सेलची फाईल म्हणजे खरं तर बांधलेली पेटी आहे, आत प्रत्येक शीटची वेगळी फाईल असते, हे मला कोण सांगणार? आत काय काय आहे त्याची यादी झिपमध्ये अगदी शेवटी असते आणि आमचा नेमका शेवटच तुटलेला, म्हणून एक्सेल ती उघडायलाच तयार नव्हतं. तुम्ही सेव्हन-झिप नावाच्या प्रोग्रॅमने आतल्या फाईली एकेक बाहेर काढल्यात. शीट मिळाल्या, आकडे जसेच्या तसे. फॉर्म्युल्याशेजारी त्याचं शेवटचं उत्तरही साठवलेलं असतं, त्यामुळे बेरजाही हाती लागल्या. तारखेच्या जागी ४५७६२ बघून माझ्या पोटात गोळा आला होता. १५ एप्रिल २०२५ ती, १९०० सालापासून मोजलेले दिवस, हे तुम्ही इतक्या सहज सांगितलंत की मला हसू आलं.

नावं मात्र गेली होती. अक्षरी मजकूर एक्सेल शीटमध्ये ठेवत नाही. ‘शेअर्ड स्ट्रिंग्ज’ नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये प्रत्येक नाव एकदाच लिहितं आणि शीटमध्ये नुसता त्याचा क्रमांक टाकतं. ती फाईल तुटलेल्या भागात गेली. दलालाच्या जागी १४, दुसऱ्याच्या जागी २३.

इथे कुणीही अंदाजाने नावं भरून दिली असती, आणि मी आनंदाने घरी नेली असती. तुम्ही मला घरी पाठवलंत, कागदी पट्ट्या आणायला. एका पट्टीतली तारीख, पेट्या आणि रक्कम एका ओळीशी जुळली की १४ कोण ते कळलं. मग जिथे जिथे १४ तिथे तेच नाव, सगळ्या शीटमध्ये. गिऱ्हाईकं झेरॉक्ससाठी थांबलेली आणि तुम्ही माझ्याबरोबर पट्ट्या लावताय, हे मी कसं विसरेन? (त्यातल्या एका आजोबांनी तर आम्हाला मिळालेल्या दरावर चर्चाच सुरू केली. त्यांच्या मते दलालाने आम्हाला डझनामागे कमीच दिले. असेलही.)

ज्या ओळींना पट्टी सापडली नाही त्या तुम्ही पिवळ्या करून कोऱ्या ठेवल्यात. नवी फाईल वेगळ्या नावाने दिलीत आणि तुटलेलीही जपून ठेवायला सांगितलंत. गड्यांचा हिशेब ते गावी जाण्याआधी चुकता झाला. दिरांनाही मी पिवळ्या ओळींसकट प्रिंट पाठवली. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही, आणि आमच्या घरात हे किती दुर्मीळ ते तुम्हाला ठाऊक नाही!

राहिलेल्या पट्ट्यांच्या नकला दलालांकडे मागितल्या आहेत. आल्या की घेऊन येते, पिवळ्या ओळी भरून टाकू. आणि या वेळी कामाचे पैसे घ्यायचे.

आपली,
आंब्याच्या हिशेबवाली वहिनी