लँड लीगच्या त्या सहा महिन्यांबद्दल

महोदय,

आयर्लंडमधील कुळांच्या लढ्यावरचा आपल्या रविवार पुरवणीतील लेख आवडला. लहानपणी बेदखल होऊन मेयो सोडावे लागलेले आणि पुढे लँकेशायरच्या गिरणीत एक हात गमावलेले, लँड लीग या कुळांच्या संघटनेचे संस्थापक मायकेल डेव्हिट त्यात भेटले, याचा विशेष आनंद झाला. पण ऑक्टोबर १८८१ मध्ये लीगचे अध्यक्ष पार्नेल यांना डब्लिनमधील किल्मेनहॅमच्या तुरुंगात टाकले, लँड लीगवर बंदी आली आणि मे १८८२ मध्ये त्यांची ब्रिटिश सरकारशी तडजोड होईपर्यंत चळवळ थंडावली, हे लेखातील विधान मला मुळीच मान्य नाही.

त्या काळात चळवळ बायकांनी चालवली. अशी वेळ येणार हे ओळखून डेव्हिट यांनी आधीच महिलांच्या संघटनेचा आग्रह धरला होता. पार्नेल, डिलन या लीगच्या नेत्यांना ती कल्पना हास्यास्पद वाटत होती. तरीही जानेवारी १८८१ मध्ये डब्लिनला 'लेडीज लँड लीग' उभी राहिली आणि पार्नेल यांच्या धाकट्या बहिणीने, ॲना पार्नेलने, तिची धुरा घेतली. दोनच महिन्यांत डब्लिनचे आर्चबिशप मकेब यांनी या बायकांचा जाहीर निषेध केला. बायकांनी वेशीबाहेर पडून सभा घ्याव्यात, हेच त्यांना खपले नाही.

कामाचा आवाका पाहा. कोणत्या जमीनदाराकडे किती कुळे, खंड किती, सरकारी आकारणी किती, याच्या नोंदी त्यांनी गावोगावहून मागवल्या. कुळांना घराबाहेर काढले जाई, तेव्हा कार्यकर्त्या तिथे हजर असत. बेघरांसाठी लाकडी झोपड्या उभारायच्या, कैद्यांच्या कुटुंबांना मदत पोचवायची, 'युनायटेड आयर्लंड' हे वृत्तपत्र पोलिसांच्या नजरेआड वाटायचे, हे सगळे त्यांच्याच अंगावर होते. तुरुंगातल्या पुरुष नेत्यांना राजकीय कैद्यांच्या सवलती होत्या. बायकांना मात्र तिसऱ्या एडवर्डच्या काळातल्या, बदनाम माणसांसाठी केलेल्या कायद्याखाली जामीन मागत आणि त्यांनी तो द्यायला नकार दिला की साध्या गुन्हेगारांसारखे डांबत.

ॲनाचा आक्षेप तर मुळावरच होता. शेवटच्या क्षणापर्यंत खंड अडवायचा आणि जप्ती आली की भरायचा, या लीगच्या धोरणाने पैसा अखेर जमीनदाराच्याच घरात जातो, असे तिचे म्हणणे होते. मला ते बरोबर वाटते.

किल्मेनहॅमच्या तडजोडीतून थकबाकीदार कुळांना सवलत मिळाली, हे पार्नेल यांचे श्रेय मी नाकारत नाही. पण सुटून आल्यावर त्यांनी बहिणीच्या संघटनेचा पैसा अडवला. संघटना बंद करा, मगच कर्ज फेडू, ही त्यांची अट होती. ऑगस्ट १८८२ मध्ये ती बंद झाली. ज्यांनी चळवळ सांभाळली त्यांच्याशी असे वागणे अन्यायाचे होते, आणि मुत्सद्देगिरीच्या नावाखाली आपण ते झाकू नये. ॲना भावाशी पुन्हा बोलली नाही. तिने १९०७ च्या सुमारास लिहिलेली चळवळीची हकिगत छापून यायला १९८६ साल उजाडले.

लेखमालेचा पुढचा भाग होमरूलवर आहे असे दिसते. तिकडे वळण्याआधी या संघटनेवर एक स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, सांगली