दिग्रसच्या पाहुण्यांना सांगा, इथे युद्ध नाही

स्टॉकहोम, मार्च

तीर्थरूप बाबा आणि आईस,

शिरसाष्टांग नमस्कार. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. गावच्या ग्रुपवर काकांनी टाकलेला इथल्या भोंग्यांचा व्हिडिओ खरा आहे. त्याखालची ‘स्वीडनवर हल्ला’ ही ओळ खोटी.

इथे मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी दुपारी ३ वाजता भोंगे वाजवून तपासतात. ७ सेकंद आवाज, १४ सेकंद शांतता, पुन्हा ७ सेकंद. एक माणूस मान वर करत नाही! बायका लेकरांच्या गाड्या ढकलत चालत राहतात. पहिल्या वेळी मी जिन्याखाली जाऊन उभा राहिलो, तर कचरा टाकायला निघालेल्या शेजारच्या आजीने नुसतं मनगटावरचं घड्याळ दाखवलं. एरवी वाजला तर घरात जायचं, खिडक्या लावायच्या आणि रेडिओ लावायचा. म्हणजे संकटात सरकार पहिलं काय सांगतं, तर बातम्या ऐका. आणि लोक ऐकतात, कारण वर्षभर हेच रेडिओ-पेपर सरकारची सालटी काढत असतात.

आई जी पाहून घाबरली, ती संकटात किंवा युद्धात काय करायचं हे सांगणारी सरकारी पुस्तिका २०२४ च्या शेवटी घरोघरी आली होती. पाणी साठवा, सेलवरचा रेडिओ ठेवा, आणि ‘प्रतिकार थांबवा’ असं सांगणारी कोणतीही बातमी खोटी समजा. एवढंच.

बाबा, तुम्ही म्हणता चॅनलांना कुलूप लावा. २६/११ ची कारवाई लाइव्ह दाखवणाऱ्यांना सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये झापलं, तिथे मी तुमच्याच बाजूचा. युरोपनेही २०२२ मध्ये रशियाच्या आरटी आणि स्पुटनिक या सरकारी माध्यमांवर बंदी घातली. पण किल्ली कोणाच्या हाती? केरळच्या मीडियावन चॅनलचा परवाना सुरक्षेच्या नावावर अडवला, कारणं बंद लिफाफ्यात. २०२३ मध्ये कोर्टाने ते मान्य केलं नाही. इथे छपाई स्वातंत्र्याचा कायदा १७६६ चा. पेपरला माहिती कोणी दिली हे सरकारी साहेब शोधायला लागला, तर बहुतेक वेळा साहेबच गुन्हेगार ठरतो. सगळं आलबेल आहे असंही नाही बाप्पा. २०२३ पासून हेरगिरीचा नवा कायदा लागू झालाय, त्यात बातमी देणाराही अडकू शकतो म्हणून इथले पत्रकार नाराज आहेत.

आता दिग्रसचं स्थळ. मुलीच्या आत्याने मामांना विचारलं म्हणे, ‘तिकडे सरकार लेकरं उचलून नेते ना?’ घरात लेकराला धोका असला तर इथे ताब्यात घेतात, पण ते कायद्याने, आणि कोर्टात दाद मागता येते. आईबापांच्या तक्रारी पेपरात छापूनही येतात. ‘मुसलमानांची लेकरं पळवतात’ ही अफवा मात्र २०२१ च्या शेवटी अरबी व्हिडिओंतून पसरली. सरकारने अरबीतूनच उत्तर दिलं. बाहेरून येणाऱ्या अशा खोट्यावर नजर ठेवायला २०२२ मध्ये वेगळं खातं निघालं, पण इथल्या पेपरांनी काय छापावं यात ते पडत नाही. मामांनी आत्याबाईंना हे समजावून सांगावं. मुलीशी मी स्वतः बोलेन, घाई करू नका.

मे मध्ये सुट्टी निघत नाही. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला येईन असं ताई म्हणाली. मी रोज फोन करीन. पैसे खात्यात टाकलेत. त्यातून सोसायटीचं पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरा, नाहीतर व्याजाची सूट जाईल. उरलेले वावराच्या कुंपणात घालू नका बाबा, आईचा चष्मा त्यातूनच करायचा आहे.

तुमचा,
बंड्या