पत्त्यात गाव लिहू नका

महोदय,

सीमेवर तणाव वाढला की घरच्यांचा जीव मोबाइलमध्ये अडकतो. पण फोन बंद व्हायला वेळ लागत नाही, म्हणून टपालाचा पत्ता तरी चोख हवा. नेमकी तिथेच गफलत होते. जवानाच्या नावाखाली हौसेने 'लेह' किंवा 'कुपवाडा' लिहिले जाते.

लष्करी पत्त्यात नंबर, हुद्दा, नाव, युनिट, 9 ने सुरू होणारा सहा आकडी पिन आणि 'मार्फत 56 एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस; पूर्वेकडे 99) एवढेच लिहायचे. 56 चे टपाल दिल्लीच्या, तर 99 चे कोलकात्याच्या लष्करी बेस पोस्ट ऑफिसात जाते. युनिट कुठे हलले आहे ते तिथे ठाऊक असते. पाकिटावर गाव दिसले की ते मुलकी टपालाच्या थैलीत पडून भरकटते. शिवाय तुकडी कुठे आहे हे वाटेतल्या प्रत्येकाला फुकट कळते. पिन लिहिताना पुणेकराचा हात सवयीने 411 कडे वळतो, तेही सांभाळा.

पत्राच्या कोपऱ्यात तारीख आणि क्रमांक टाका. बर्फात वाट बंद झाली की टपाल साचते आणि मग पंधरा दिवसांचा गठ्ठा एकदम पोहोचतो. 'आई घरी आली' हे आधी आणि 'आईला दवाखान्यात नेले' हे नंतर वाचले गेले, तर चौकीवरच्या माणसाने काय समजायचे? क्रमांक असला की तो आधी पत्रे लावून घेतो. पार्सलात बेसनाचे लाडू टिकतात, ओल्या नारळाचे नाहीत. पॉवर बँक घालू नका.

जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम चालत नाही. सुट्टीवर आलेल्या जवानाने निघण्यापूर्वीच पोस्टपेड करून घ्यावे. आणि 'आज निघाला' असे स्टेटस मेहरबानी करून ठेवू नये.

'तुमचा मुलगा जखमी आहे, पैसे पाठवा' असा फोन आला तर छदामही देऊ नका. खरी खबर युनिट किंवा जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडून येते. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तर बॉम्बे सॅपर्स या लष्करी इंजिनिअरांच्या दलाचे इथेच खडकीला आहे. भाड्याचे घर बदलले की नवा पत्ता आणि फोन जवानामार्फत युनिटच्या कागदांवर चढवून घ्या, नाहीतर निरोप जुन्या दारावर जातो.

– लष्करी टपालातील एक निवृत्त कर्मचारी, वानवडी, पुणे