धावताना कोसळणाऱ्या मुलांसाठी : कळवा येथील क्रीडा मंडळाचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या मैदानावर पहाटे पोलीस भरतीची मुलंमुली धावतात, संध्याकाळी कबड्डी रंगते. उन्हाळ्यात भरतीचा एक मुलगा १६०० मीटरच्या शेवटच्या फेरीत ऐन वेगात कोसळला. हातही न टेकवता, थेट तोंडावर. कुणी कांदा हुंगवायला धावलं, कुणी ग्लुकोजचं पाणी आणलं. मिनिटभरात शुद्धीवर येऊन तो म्हणाला, "काही नाही, उपाशी होतो." त्याच्या आईने मात्र ऐकलं नाही, तपासणीला नेलंच. टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचा स्नायू जाड झालेला निघाला.

धावून थांबल्यावर उभ्या उभ्या चक्कर येणं बहुधा साधं असतं. धावताधावता शुद्ध हरपणं तसं नाही. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार साधारण ५०० जणांत एकाला असतो. हृदयाला रक्त पुरवणारी धमनी जन्मतःच भलत्या जागेवरून निघालेली असणं त्याहून दुर्मीळ. सीपीव्हीटी नावाच्या विकारात तर झोपवून काढलेला ईसीजी आणि इको दोन्ही नॉर्मल येतात. ठोके बिघडतात ते ट्रेडमिलवर. म्हणून पालकांनो, "ईसीजी चांगला आहे" म्हणून मुलाला परत मैदानावर धाडू नका, हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. घरात कुणी ऐन तरुणपणी अचानक गेलं असेल, पट्टीचा पोहणारा बुडाला असेल, तर तेही त्यांना सांगा.

डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन १२ जून २०२१ रोजी भर सामन्यात कोसळला. तो वाचला, कारण सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) आणि हृदयाला शॉक देणारं एईडी यंत्र मैदानातच होतं. ठोके थांबल्यावर एकेक मिनिट मोलाचं असतं. १०८ ची गाडी कळवा नाक्यावरच्या गर्दीतून येईपर्यंत हातावर हात धरून बसायचं का?

आम्हाला मैदानासाठी एक एईडी घ्यायचं आहे. उरलेल्या रकमेतून, ज्यांना परवडत नाही अशा खेळाडूंचं इको आणि स्ट्रेस टेस्ट (ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी) करून देऊ. शंभर रुपयेही चालतील. परिसरातल्या डॉक्टर-नर्स मंडळींनी एखादा रविवार सीपीआर शिकवायला द्यावा, ही कळकळीची विनंती. पैशांइतकीच त्याची गरज आहे.

देणगी मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी ७ नंतर स्वीकारली जाईल. पावती घेतल्याशिवाय कुणाच्याही हाती रक्कम देऊ नये. जमाखर्च दर महिन्याला फलकावर लावू.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते