फेरेटला 'जुना खोका' पुरत नाही

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतल्या पाळीव प्राण्यांवरच्या लेखात फेरेटला 'परदेशी मुंगूस' म्हटले आहे आणि 'एखादा जुना लाकडी खोका त्याला पुरतो' असेही सांगितले आहे. मुंगसाशी त्याचे नाते नाही. तो पाणमांजराच्या कुळातला, युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्याला माणसाळवून झालेला प्राणी. इथे इंग्लंडात बिळातले ससे हुसकायला तो पिढ्यान्‌पिढ्या पाळतात. पण मी लिहायला बसले ती त्या खोक्यावरून.

नातवासाठी घरात फेरेटची जोडी आली, तेव्हा पिंजरा मीच करते म्हटले. माझे वडील सावंतवाडीला पांगाऱ्याच्या लाकडाची खेळणी करत, त्यामुळे रंधा-पटाशी मला परकी नव्हती. मोडीत काढलेल्या कपाटाच्या एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या, फळ्या घेतल्या. गुण्या लावून पाहिला, केसाएवढी फट नाही. वडिलांनीही मान डोलावली असती! महिन्याभरात मागचा कोपरा भिजलेल्या टोस्टसारखा फुगला.

त्याचे असे की फेरेट कोपऱ्यात उलटा चालत जातो, बूड भिंतीला टेकवतो, शेपटी उचलतो आणि काम उरकतो. ओल तळाला लागतेच, वर भिंतीवरही चढते. एमडीएफ ती पिऊन घेते आणि मग काहीही करा, वास जात नाही. दुसऱ्या खेपेला प्लायवूड आणले आणि तळाला विनाइलचे एकसंध कापड घातले. ते कोपऱ्यात कापले नाही, परातीच्या काठासारखे चारी बाजूंनी वर वळवले. आता सकाळी ओल्या फडक्याने पुसले की झाले. जाळीचा तळ घातला तर पुसायचेही काम नाही, असे मुलगा म्हणाला. पण त्यावर चालून प्राण्याचे पाय दुखावतात.

दाराची चूक वेगळी. खाली दोन बोटांची फट राहिली होती, तेवढ्यातून मादी पसार. डोके निघाले की बाकीचे अंग मागून ओघळतेच. सापडली ती सोफ्याच्या पोटात. खालचे अस्तर फाडून तिने आत घर केले होते आणि माझा एक पायमोजाही नेऊन ठेवला होता. त्या दिवसापासून सोफ्याच्या तळाला प्लायवूड ठोकले आहे. मागे रेलणारी यांत्रिक खुर्ची तर सूनबाईने विकूनच टाकली, कारण तिच्या सांध्यात फेरेट चिरडतात.

फोमची गादीही नको. रबर आणि फोम ते कुरतडून गिळतात, आतडे अडते, मग शस्त्रक्रिया. टॉवेलच्या धाग्यांत नखे अडकतात. मी जुन्या सुती लुगड्याची झोळी शिवून चार आकड्यांवर टांगली. दिवसाचे चौदा-पंधरा तास दोघे तिच्यात वेटोळे करून पडलेले असतात.

लेखात उन्हाचा उल्लेखच नाही, आणि पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा होता. फेरेटला घाम येत नाही. पारा तिशीकडे गेला की त्याला उष्माघाताचा धोका. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडात कोनिंग्सबीला ४०.३ अंश नोंदले गेले. त्या दिवशी आम्ही दोघांना स्वयंपाकघराच्या गार फरशीवर, फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाच्या बाटल्यांशेजारी ठेवले आणि रात्रीपर्यंत पाळीपाळीने बसलो. बंद लाकडी पेटी अशा दिवशी भट्टीच होते, म्हणून आता समोरासमोरच्या दोन बाजूंना जाळी ठेवली आहे. विदर्भात मे महिन्यात ती जाळी काय करणार? वीज गेली, एसी बंद पडला, की संपले.

तो पहिला पिंजरा मी टाकलेला नाही. मागच्या शेडमध्ये त्यात खिळे, स्क्रू, बिजागऱ्या ठेवते. वास अजून येतो.

– आपली एक वाचक, लीड्स (मूळ सावंतवाडी)